वाऱ्याच्या तोंडावरचे कुंपण : दापोली तालुक्यातील सड्यावरील एका बागेचे प्रकरण

हे प्रकरण दापोली तालुक्यातील समुद्रकाठच्या एका गावातील आहे. मालकांच्या संमतीने ते येथे मांडले असून, त्यांची आणि गावाची ओळख पटेल असा तपशील गाळला आहे. २०२१ च्या जून महिन्यात, म्हणजे कुंपण दुसऱ्यांदा पडल्यानंतर, स्थापत्य सल्लागार म्हणून माझा या कामाशी संबंध आला. त्यापूर्वीची हकिगत मालकांचे सांगणे, त्यांनी जपून ठेवलेल्या पावत्या आणि मोबाइलमधील छायाचित्रे यांवरून लिहिली आहे.

पार्श्वभूमी

गाव खाली खाडीच्या मुखाशी वसलेले आहे आणि घर मात्र गावाच्या डोक्यावर, जांभ्याच्या उघड्या सड्यावर, म्हणजे सपाट खडकाळ माथ्यावर आहे. मुंबईतील नोकरीतून निवृत्त झालेल्या दांपत्याने २०१५ साली वडिलोपार्जित जागेत घर बांधले. भोवतीच्या जमिनीत हापूसची काही जुनी कलमे होती. घराच्या पश्चिमेला काकींनी (गावात सगळे त्यांना याच नावाने हाक मारतात) फुलझाडांची बाग केली. समुद्राकडील कडा घरापासून सुमारे दीडशे फुटांवर आहे. पश्चिमेची हद्द १५० फूट आणि दक्षिणेची १२० फूट लांब असून, या दोन्ही बाजूंना वाऱ्याला अडवणारे एकही झाड किंवा घर नाही. उत्तरेला शेजाऱ्यांची दाट कलमबाग आहे आणि पूर्वेला रस्ता आहे. त्या दोन बाजूंच्या कुंपणाने कधी त्रास दिला नाही, त्यामुळे पुढील सर्व विवेचन पश्चिम आणि दक्षिण या बाजूंपुरतेच आहे.

या दोन्ही बाजूंना पूर्वापार गडगा होता. चिऱ्याचे तुकडे आणि दगड मातीचुन्याशिवाय, नुसते एकमेकांत बसवून रचलेला हा बांध तीन फूट उंच होता आणि त्याची रुंदीही जवळपास तेवढीच होती. काही ठिकाणी तो ढासळला होता आणि मोकाट गुरे तेथूनच आत येत. २०१६ साली एका ठेकेदाराच्या सल्ल्याने गडगा काढून त्या जागी लोखंडी अँगलवर सहा फूट उंचीचे रंगीत पत्रे ठोकण्यात आले. गुरे बंद व्हावीत, येणाऱ्याजाणाऱ्यांची नजर पडू नये आणि बागेला वारा लागू नये, असे तीन हेतू एकाच पत्र्याने साधायचे होते. काम पंधरा दिवसांत झाले, सुमारे एक लाख रुपये खर्च आला आणि पहिल्या उन्हाळ्यात सगळे समाधानी होते.

समस्या

पहिल्याच पावसाळ्यात दोन गोष्टी दिसू लागल्या. एक म्हणजे पत्र्यांचा खडखडाट, ज्यामुळे पश्चिमेच्या खोलीत झोपणे कठीण झाले. दुसरी गोष्ट काकींच्या लक्षात आली आणि पुढे तीच या प्रकरणाची किल्ली ठरली. पत्र्याच्या आडोशाला म्हणून त्यांनी अँथुरियमच्या आणि जास्वंदीच्या कुंड्या कुंपणाला लागून मांडल्या होत्या. वाऱ्याच्या दिवशी या कुंड्या आडव्या होत. मात्र वारा समुद्राकडून येत असताना त्या घराच्या दिशेने पडायला हव्या होत्या, आणि पडत होत्या पत्र्याच्या दिशेने, म्हणजे वाऱ्याच्या उलट. काकींनी हे ठेकेदाराला आणि घरातही बोलून दाखवले. कुंड्यांचे बूड लहान असेल, असे उत्तर त्यांना मिळाले.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्याला धडकले. त्या वेळी वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. दापोली आणि मंडणगड तालुक्यांत माड-पोफळींच्या बागा आडव्या झाल्या. या जागेवर सकाळी दक्षिण-आग्नेयेकडून वारा सुरू झाला आणि दुपारपर्यंत तो फिरून पश्चिमेचा झाला. आपल्याकडे चक्रीवादळातील वारा केंद्राभोवती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतो, आणि केंद्र नैर्ऋत्येकडून येऊन उत्तरेने पुढे गेले, हे लक्षात घेतले तर वाऱ्याची ही फिरत सरळ समजते. आधी दक्षिणेचे पत्रे गेले, नंतर पश्चिमेचे. स्क्रूभोवतीची भोके चार वर्षांच्या हादऱ्यांनी लांबट झाली होती, त्यामुळे पत्रे अँगलवरून अक्षरशः सोलून निघाले. त्यांतील एक शेजारच्या कलमाच्या फांदीत अडकलेला सापडला. कोणाला इजा झाली नाही, हे केवळ नशीब.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नवे कुंपण झाले. आठ फुटी सिमेंटचे चौकोनी खांब दहा-दहा फुटांवर दीड फूट पुरले आणि त्यांवर चेनलिंक जाळी ताणली. वारा पश्चिमेचाच असतो या समजुतीने पश्चिमेच्या खांबांना आतून तिरके टेकू दिले आणि दक्षिणेच्या खांबांना दिले नाहीत. जाळीतून वारा जातो, तेव्हा हे कुंपण टिकायला हरकत नव्हती. परंतु जाळीतून वारा जातो म्हणजेच बागेलाही वारा लागतो. फेब्रुवारीत रोपे करपू लागली, तेव्हा जाळीवर वरपासून खालपर्यंत दाट हिरवी शेडनेट बांधण्यात आली. १६ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यासमोरून समुद्रातूनच उत्तरेला सरकले. या वेळी केंद्र पश्चिमेला होते, म्हणजे या गावाला वारा मुख्यतः दक्षिणेकडून बसला. दक्षिण बाजूच्या बारा खांबांपैकी सात जमिनीलगत मोडले आणि तीन कलले. नेट फाटली नव्हती. ती फाटली असती तर खांब वाचले असते, असे माझे मत आहे.

पहिली भेट : प्रश्न कोणता

मला विचारलेला प्रश्न होता, "आता न पडणारे कुंपण किती मजबूत करावे लागेल?" या प्रश्नाचे उत्तर देणे सोपे आहे आणि ते देणारे ठेकेदार पुष्कळ आहेत. परंतु मजबुतीपूर्वी दोन हिशेब मालकांसमोर मांडणे मला आवश्यक वाटले.

पहिला हिशेब दाबाचा. इमारतींवरील भारांविषयीच्या भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात वाऱ्याचा दाब काढण्याचे साधे सूत्र आहे : वेगाचा (सेकंदाला मीटरमध्ये) वर्ग करून त्याला ०.६ ने गुणावे, म्हणजे दर चौरस मीटरवरील दाब न्यूटनमध्ये मिळतो. ताशी ७२ किलोमीटर वेगाला हा दाब दर चौरस मीटरला सुमारे २५ किलो वजनाइतका येतो आणि ताशी १४४ किलोमीटरला सुमारे ९८ किलो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. त्यातच याच मानकात उंचवट्याच्या माथ्यावरील जागेसाठी वेगाला १.३६ पर्यंतचा गुणक सांगितला आहे, कारण चढावर दाबला गेलेला वारा माथ्यावर वेग घेतो. १.३६ चा वर्ग सुमारे १.८५ होतो. म्हणजे खालच्या गावात टिकलेले कुंपण तसेच्या तसे कड्यालगत उभे केले, तर त्यावर जवळपास दुप्पट दाब येऊ शकतो. गावात अमक्याचे पत्रे निसर्गमध्येही राहिले, हा युक्तिवाद मालक वारंवार करीत होते, त्याचे उत्तर या गुणकात होते.

दुसरा हिशेब उंचीचा. कुंपणाला बुडातून कलथवणारा जोर उंचीच्या वर्गाने वाढतो. सहा फुटी भरीव कुंपणावर ताशी १४४ किलोमीटरच्या वाऱ्यात जो जोर येतो, त्याच्या केवळ चौथा हिस्सा तीन फुटी कुंपणावर येतो.

यानंतर मी कुंड्यांविषयी विचारले, कारण काकींनी चहा देताना तो विषय सहज काढला होता. भरीव आडोशावर आदळलेला वारा वरून उडी मारतो, आडोशामागे हवेचा दाब कमी होतो आणि जमिनीलगतची हवा मागे, म्हणजे आडोशाकडेच ओढली जाते. कुंडी पत्र्याकडे पडण्याचे कारण तेच होते. दुसऱ्या दिवशी आम्ही जुन्या साडीच्या पट्ट्या काठ्यांना बांधल्या आणि त्या पश्चिमेला शिल्लक राहिलेल्या नेटच्या मागे पाच, दहा, वीस आणि चाळीस फुटांवर रोवल्या. पाच फुटांवरची पट्टी नेटकडे फडफडत होती, दहावरची कोणत्याच एका दिशेला ठरत नव्हती आणि वीस फुटांवरची पुन्हा घराकडे वळली होती. काकांनी (म्हणजे काकींच्या यजमानांनी) ते पाहिले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग काकींना म्हणाले, "तू २०१६ पासून हेच सांगत होतीस."

मला येथे नमूद करावेसे वाटते की, लाखभर रुपयांचा निर्णय चुकला हे दाखवणारा पुरावा पहिल्याच पावसाळ्यापासून अंगणात पडलेला होता. फक्त तो बागकाम करणाऱ्या बाईकडून आल्याने तांत्रिक मानला गेला नाही.

तेव्हा प्रश्न बदलला. वारा किती अडवायचा आणि किती जाऊ द्यायचा, हे आधी ठरवायचे होते. शेतीतील वारारोधक पट्ट्यांचा अनुभव असा की, साधारण निम्मा भाग उघडा असलेला आडोसा वाऱ्याला मागे वळवत नाही, त्याचा वेग कमी करतो, आणि त्याचा उपयोग आडोशाच्या उंचीच्या सुमारे दहापट अंतरापर्यंत जाणवतो.

विचारात घेतलेले पर्याय

मालकांचा कल प्रथम चिऱ्याच्या सहा फुटी पक्क्या भिंतीकडे होता. ती पडणारच नाही, असे त्यांना वाटत होते. हिशेब वेगळे सांगत होता. नऊ इंची भिंतीच्या एक मीटर लांबीचे वजन साधारण ८७० किलो भरते. ताशी १४४ किलोमीटरच्या वाऱ्यात तिला कलथवणारा जोर (किलो-मीटरमध्ये) १९० मानला, तर तिच्या वजनाचा प्रतिकार जेमतेम १०० येतो. उरलेला भार पायावर आणि ठरावीक अंतरावरील जाड खांबांवर घ्यावा लागतो आणि खर्च तेथेच वाढतो. स्थानिक गवंड्याने दिलेला अंदाज ४ लाख ६० हजारांचा होता. शिवाय दापोलीत वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जुलैमध्ये सड्यावरून पाण्याचा पातळ पदर सतत वाहत असतो. पक्की भिंत म्हणजे त्या पाण्याला बांध. आणि एवढे करूनही कुंड्या भिंतीकडे पडतच राहिल्या असत्या.

तयार सिमेंटच्या पट्ट्या खांबांच्या खाचांत सरकवून उभे करायचे कुंपण स्वस्त आणि झटपट होते. ते भरीव असल्याने पत्र्याचेच दोष त्यात होते. शिवाय पातळ सिमेंटच्या आतील सळईपर्यंत खारी हवा पोहोचली की ती गंजते, फुगते आणि खांब उभा चिरतो. मोडलेल्या सातही खांबांच्या तुटीत सळईवर तांबूस थर होता, आणि ते खांब केवळ सहा महिन्यांचे होते. ते विकणाऱ्याकडेच कितीतरी दिवस उघड्यावर पडून असावेत.

नुसती जाळी ठेवणे हा पर्याय टिकाऊपणाच्या दृष्टीने वाईट नव्हता. परंतु बागेला आडोसा हवा, ही मूळ गरज त्यातून भागत नव्हती, आणि ती भागली नाही की कोणीतरी पुन्हा तीवर नेट बांधणार हे उघड होते. जिवंत कुंपण, म्हणजे वई, हा सर्वांत स्वस्त पर्याय. मात्र तो उभा राहण्यास किमान तीन-चार वर्षे लागणार होती आणि तोवर गुरे मोकाटच.

अखेरीस जो पर्याय पुढे आला तो एकाच वस्तूचा नव्हता. गुरे आणि रानडुकरे यांच्यासाठी खाली रुंद, ठेंगणा गडगा, बाग आणि पडवी यांच्यासमोर त्यावर अर्धी उघडी रिपांची (लाकडी पट्ट्यांची) चौकट, आणि आतल्या बाजूने वई, अशी कामाची वाटणी करायची होती. तळाशी सव्वादोन फूट, माथ्याशी दीड फूट रुंदीच्या तीन फुटी गडग्याचा हिशेब केला, तेव्हा ४८ च्या जोरासमोर ३०० हून अधिक प्रतिकार येत होता, आणि तोही सिमेंटशिवाय. २०१६ साली जे काढून टाकले होते, तेच या जागेचे सर्वांत स्थिर कुंपण होते. वानरांसाठी कोणतेही कुंपण उपयोगाचे नाही, हेही मालकांनी या टप्प्यावर मान्य केले, आणि त्यामुळे उंचीचा आग्रह निम्मा संपला.

हद्दीचा निर्णय

कामाला हात घालण्यापूर्वी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घेतली. जुना गडगा दक्षिण-पश्चिम कोपऱ्यात प्रत्यक्ष हद्दीच्या चार फूट आत होता, हे मोजणीत दिसून आले. आपलीच जमीन असताना कुंपण आत का ठेवायचे, हा काकांचा प्रश्न रास्त होता. तथापि त्या चार फुटांतून खालच्या वाडीतील माणसे गुरे घेऊन सड्यावर जात, आणि ही वाट काकांच्या वडिलांच्या काळापासूनची होती. वहिवाटीची वाट अडवल्यास मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. असा दावा उभा राहिला असता, तर काम किती महिने अडकले असते हे सांगता येत नाही.

मला त्याहून महत्त्वाचे कारण वाऱ्याचे वाटत होते. हद्दीची खूण कड्याच्या अधिक जवळ होती आणि कड्यालगत प्रत्येक फुटागणिक वारा वाढतो. शेवटी गडगा जुन्याच रेषेवर घ्यायचा आणि मोजणीच्या खुणांवर दगड उभे करून त्यांचा पंचनामा स्वतःजवळ ठेवायचा, असे ठरले. वाडीतील मंडळींना हे आधी बोलावून सांगितले गेले. त्याचा अनपेक्षित लाभ असा झाला की, गडगा रचण्याच्या कामाला त्याच वाडीतून माणसे मिळाली.

प्रत्यक्ष काम

काम जानेवारी ते एप्रिल २०२२ या काळात झाले. जुन्या गडग्याचे दगड बागेच्या कोपऱ्यात ढीग करून ठेवलेले होते. ते पुरले नाहीत म्हणून सुमारे सहाशे चिरे नव्याने आणावे लागले. गडगा रचणारे दोन वयस्क गवंडी होते. ते दोरी धरत, पण ओळंबा क्वचितच लावत. मोठे दगड दोन्ही तोंडांना, मध्ये बारीक तुकड्यांची भर, आणि दर तीन-चार फुटांवर पूर्ण रुंदीचा एक लांब दगड आडवा, ही त्यांची रीत होती. त्यांतील एकाने एक चिरा तीन वेळा फिरवून पाहिला, चौथ्यांदा बसवला, त्यावर स्वतः उभा राहिला आणि डोलत नाही याची खात्री झाल्यावरच पुढचा उचलला. दिवसाला दोघांचे मिळून आठ-नऊ फूट काम होई. काकांना ते फार हळू वाटे, मला वाटले नाही.

रिपांची चौकट पश्चिमेला ९० फूट आणि दक्षिणेला कोपऱ्यापासून ४० फूट एवढीच घेतली. तिचे खांब गडग्यात घातले नाहीत. ते आतल्या बाजूने स्वतंत्र उभे केले, म्हणजे खांब हलला तरी गडगा उसवू नये. खांबांसाठी अडीच इंची जाड गॅल्व्हनाइज्ड पाइप सहा-सहा फुटांवर घेतले. जांभ्यात ब्रेकरने दोन फूट खोल खड्डे केले, काँक्रीट जमिनीच्या वर चार बोटे आणून त्याला उतार दिला आणि पाइपाला जमिनीपासून फूटभर उंचीपर्यंत डांबर फासले, कारण गंज नेमका तेथेच धरतो. टेकू एकाही खांबाला दिला नाही, कारण दोन वादळांनी वाऱ्याला ठरावीक दिशा नसते हे शिकवले होते.

चौकटीत पोफळीच्या रिपा बसवल्या. निसर्गमध्ये खालच्या गावातील पोफळी मोठ्या संख्येने पडल्या होत्या आणि त्यांच्या चिरून वाळवलेल्या रिपा स्वस्तात मिळाल्या. दोन इंच रिप, दोन इंच फट, अशी उभी मांडणी केली. या टप्प्यावर एक निर्णय जाणूनबुजून घेतला. रिपा बोल्टने आवळायच्या ऐवजी आडव्या पाइपांना बारीक तारेने बांधल्या. वादळ आले तर आधी तार तुटावी, रिप सुटावी आणि खांब राहावा, हा हेतू होता. सुटलेली रिप पत्र्यासारखी उडत जाऊन कोणाला कापत नाही आणि नवी रिप एका सकाळीत बांधता येते. काकांना ही कल्पना पटायला वेळ लागला, "मुद्दाम कच्चे ठेवायचे?" असे ते दोनदा म्हणाले.

एकूण खर्च सुमारे २ लाख ३५ हजार रुपये झाला. त्यात निम्म्याहून अधिक मजुरी होती.

काय चुकले

वईच्या बाबतीत मी चुकीचा सल्ला दिला. पहिल्या पावसात, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात निर्गुडी, करवंद आणि उंडी यांची रोपे गडग्याच्या आत पाच फुटांवर लावली. कोकणात लागवड मृगात करायची, ही रीत आहे आणि ती खालच्या आगरांसाठी योग्यच आहे. सड्यावर मात्र जून-जुलैतील वारा कोवळ्या रोपाला मुळे धरूच देत नाही. दोन महिने रोप बुंध्याशी गोल फिरत राहते, त्याच्याभोवती मातीत फनेलसारखा खळगा होतो आणि त्यात पाणी साचून मूळ कुजते. निम्मी रोपे ऑगस्टपर्यंत गेली. सर्वाधिक नुकसान उंडीचे झाले. दुसऱ्या खेपेस सप्टेंबरच्या सुरुवातीला, वारा उतरल्यावर लागवड केली, प्रत्येक रोपाच्या पश्चिमेला झापाचा (विणलेल्या झावळीचा) तुकडा खोचला आणि पुढे दोन उन्हाळे आठवड्यातून दोनदा पाणी घातले. पाण्याचा हा खर्च मी मूळ अंदाजात धरला नव्हता.

दुसरी चूक फाटकाची. रस्त्याकडील दहा फुटी फाटक २०१६ चेच, भरीव पत्र्याचे होते. ते पूर्वेला, म्हणजे वाऱ्याच्या पाठीशी असल्याने मी त्याकडे पाहिलेच नाही. घराच्या दोन्ही अंगांनी वळून येणारा वारा त्या मोकळ्या फटीतून जोराने जात होता, आणि जुलै २०२२ मध्ये एका रात्री फाटकाची वरची बिजागरी उखडली. आता तेथे उभ्या गजांचे फाटक आहे.

तिसरा दोष चौकटीच्या टोकांचा आहे. आडोसा जेथे एकदम संपतो, तेथे वारा त्याला वळसा घालून अधिक वेगाने आत शिरतो. पश्चिमेच्या उत्तर टोकाशी असलेली जास्वंदीची तीन झाडे प्रत्येक पावसाळ्यात करपतात, आणि त्यांच्यापासून पंधरा फुटांवरची चौथी मात्र टवटवीत असते. शेवटच्या दोन गाळ्यांत (खांबांमधल्या भागांत) फटी वाढवत आणि उंची उतरवत नेली असती, तर हे टळले असते.

परिणाम

या कुंपणाने २०२२, २०२३ आणि २०२४ असे तीन पावसाळे काढले. या काळात या किनाऱ्यावर निसर्गच्या तोडीचे वादळ आले नाही, त्यामुळे खरी परीक्षा झाली असे मी म्हणणार नाही. नेहमीच्या पावसाळी वाऱ्यात गडग्याचा एकही दगड हलला नाही. दक्षिणेच्या एका ठिकाणी गुरांनी वरचे दोन दगड पाडले, ते वाडीतल्याच गड्याने परत बसवले. रिपा पहिल्या वर्षी अकरा सुटल्या, दुसऱ्या वर्षी चौदा. सर्व तारेवरच सुटल्या. खांब सरळ आहेत. खडखडाट थांबला, त्याऐवजी जोराच्या वाऱ्यात रिपांतून बारीक शीळ येते, आणि काकांना तिचा अजूनही राग आहे.

साडीच्या पट्ट्यांचा प्रयोग आम्ही जुलै २०२३ मध्ये पुन्हा केला. या वेळी पाच फुटांवरही आणि वीस फुटांवरही पट्टी घराकडेच झुकत होती, पण कुंपणाबाहेरील पट्टी ताठ आडवी असताना आतल्या पट्ट्या ढिल्या लोंबत होत्या. निर्गुडी आता पाच फुटांहून उंच झाली आहे. गुरे तिला तोंड लावत नाहीत. करवंद दाट होत आहे, परंतु सावकाश.

पुन्हा करायचे झाल्यास

मोजणी आणि वाडीशी बोलणी आम्ही योग्य क्रमाने केली, त्यात बदल करणार नाही. वई मात्र कुंपणाच्या एक वर्ष आधी लावीन, सप्टेंबरमध्ये, आणि तोवर गुरांसाठी तात्पुरती काटेरी कुडणे घालीन. फाटक पहिल्याच दिवशी तपासीन. २०२० सालीच मला कोणी बोलावले असते, तर गडगा तेव्हाच परत रचा आणि नेटला हात लावू नका, एवढेच मी सांगितले असते, आणि खांबांचे व जाळीचे पैसे वाचले असते. अर्थात त्या वेळी माझे ऐकले गेले असते का, याविषयी मला शंका आहे. पहिले पत्रे उडाल्यावर माणसाला अधिक जाड पत्रा हवा असतो.

रिपांविषयी निर्णय व्हायचा आहे. तीन पावसाळ्यांनंतर त्यांच्या खालच्या टोकांना कूज दिसू लागली आहे आणि येत्या एप्रिलमध्ये निम्म्या तरी बदलाव्या लागतील. काकांच्या मते त्या जागी प्लॅस्टिकच्या पट्ट्या घालाव्यात, म्हणजे पुन्हा पाहायला नको. काकींनी मात्र पोफळीच्याच सव्वादोनशे रिपा चिरून ठेवायला सांगितल्या आहेत आणि त्या सध्या मागच्या पडवीत उभ्या करून वाळत ठेवल्या आहेत.